हँडलबद्दल कुणी विचारलंच तर

३ मार्च, सोमवार
नवी वही. आजपासून रोज लिहिणार. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की कंपनीचा जनसंपर्क विभाग आता मी सांभाळायचा. विभागात सध्या मी, एक प्रिंटर आणि एक खिडकी. प्रिंटर बंद आहे.
संकल्प दोन. खोटं बोलायचं नाही. खरं बोलायची घाई करायची नाही.
हिला बातमी सांगितली. ही म्हणाली, आधी घरच्यांशी संपर्क ठेवा, आईंकडे जाऊन महिना झाला. बायकोला करिअर समजत नाही.

५ मार्च, बुधवार. दुपार
तक्रार कक्षातल्या बाई (ऑफिसात सगळे त्यांना तक्रारबाई म्हणतात) फाइल आपटून गेल्या. आमच्या नव्या इलेक्ट्रिक केटलचं हँडल पाणी उकळलं की निखळतं. सगळ्याच केटलचं नाही, शंभरात तीन केटलचं. सात जण भाजलेत. बाईंचं म्हणणं, आजच जाहीर करा आणि सगळ्या केटल परत मागवा.
मी शांतपणे समजावलं. 'निखळतं' हा शब्द भडक आहे. 'काही प्रसंगी हँडल स्वतंत्र होतं' असं म्हणता येईल. बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. छाप पडली असावी.
साहेबांना माझी योजना पसंत. गाजावाजा नाही. जो तक्रार करेल त्याला गुपचूप नवी केटल.

तोच दिवस, संध्याकाळ
आईकडची केटल त्याच लॉटमधली. मीच नेऊन दिली होती. सांगावं का? पण आईला सांगणं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगणं. शिवाय शंभरातल्या सत्त्याण्णव केटल ठणठणीत आहेत, त्याबद्दल कुणी बोलत नाही. नकारात्मक विचार करायचा नाही हा तिसरा संकल्प.

७ मार्च, शुक्रवार
प्रेसनोट लिहिली. 'घराघरात विश्वासाची वाफ.' तीनदा मोठ्याने वाचली. छान आहे.
समाधानी ग्राहकाचं एक वाक्य हवं होतं. काही लोक अशी वाक्यं मनाने रचतात. मला ते पटत नाही. म्हणून खऱ्या ग्राहकाला, म्हणजे आईला, फोन केला. उचलायला वेळ लागला. वय झालं. केटल कशी आहे विचारलं. म्हणाली, चांगली आहे रे, पाणी लगेच उकळतं. तस्संच घेतलं, फक्त 'रे' काढला. हँडलचं मुद्दाम विचारलं नाही. ग्राहकाच्या तोंडी शब्द घालणं नीतीत बसत नाही.

१० मार्च, सोमवार
उद्या प्रेसनोट जाणार. पत्रकार आगाऊ प्रश्न विचारतात, म्हणून फक्त साहेबांसाठी वेगळा कागद तयार केला. शीर्षक: 'हँडलबद्दल कुणी विचारलंच तर'. प्रश्न: हँडल निखळतं का? उत्तर: आधी केटलच्या रंगांबद्दल बोलावं. प्रश्न: किती जण भाजले? उत्तर: आकडा सांगू नये (सात आहे). प्रश्न: परत का मागवत नाही? उत्तर: 'ग्राहकांची सुरक्षा आमच्यासाठी सर्वोच्च आहे' असं म्हणून घड्याळाकडे बघावं.
इतकं मुद्देसूद काम या ऑफिसात आजवर झालेलं नाही.

११ मार्च, मंगळवार. सकाळी १०
चाळीस पत्रकारांना मेल गेली.

१०.२०
चुकीची फाइल गेली. साहेबांचा कागद गेला. पण घाबरायचं नाही. चाळीसातले निम्मे मेल उघडतच नाहीत.

१०.३०
तातडीची दुसरी मेल पाठवली. 'अत्यंत महत्त्वाचे: आधीची मेल कृपया उघडू नये.'

१०.४०
चाळीसच्या चाळीस जणांनी उघडली.

१२ मार्च, बुधवार. सकाळ
पहिल्या पानावर आलो. तीन कॉलम, आणि माझा कागद फोटोसकट. पैसे टाकूनही अशी जागा मिळत नाही. टाइपिंगची एक चूक मात्र स्पष्ट दिसते.
हिने पेपर दोनदा वाचला. मग विचारलं, आईंची केटल यातलीच ना? मी म्हणालो, तपासून सांगतो. ही चपला घालून बाहेर पडली.

दुपार
साहेबांनी सगळ्या केटल परत मागवल्या. जनसंपर्क विभाग आजपासून तक्रारबाईंकडे. मी त्यांच्या हाताखाली फोन घ्यायचे. म्हणजे मधले पत्रकार गेले, आता थेट जनतेशी संवाद. साहेब पुढचं बघतात.
सोळा फोन घेतले. सोळाव्या बाई बोलता बोलता रडायला लागल्या. त्यांच्या नातीचा पाय भाजलाय. कागदावर याचं उत्तर नव्हतं. मी रंगांबद्दल बोललो नाही.

४ वाजता
हिचा फोन. "आईंचा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलाय. निघा."

संध्याकाळ. आईकडे
गुरुवारी सकाळी झालं. बाई फाइल घेऊन आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी. शुक्रवारी मी फोन केला तेव्हा हाताला पट्टी होती.
आईने शेजारीपाजारी, डॉक्टरला, सगळ्यांना इस्त्रीचा चटका म्हणून सांगितलंय. का म्हणून विचारलं.
"तुझं नवीन काम. माझ्यामुळे तुझ्या कंपनीला बोल कशाला? आणि या पेपरवाल्यांचं काही खरं नसतं. तुला ठाऊक असतं तर तू त्याच दिवशी धावत आला नसतास का?"
मी पट्टी बदलत होतो. मलम लावून झालं होतं. बोलायला चार वाक्यं तयार होती, चारही बरी होती. ही दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.
"आई, मला गेल्या बुधवारीच कळलं होतं," मी म्हणालो.
आईने माझ्या हातातून हात काढून घेतला आणि हिला म्हणाली, "पट्टी तू बांध गं."
मी बाहेर पायरीवर येऊन बसलोय.