तीन बुरुजांचे पन्नास सेंट

मी, वय अडुसष्ट, नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांचा निवृत्त मेकॅनिक, राहणार तिसरा मजला, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात कापत नाही आणि माझ्या मानगुटीवर कोणी बसलेले नाही. बायको शेजारी बसली आहे, पण ती मटार सोलते आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करायलाही काही नाही.

१. घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. यावर चर्चा नको.

२. माझी सगळी हत्यारे भाचीला. ती फ्रिज दुरुस्त करते आणि घरात माझ्यानंतर तिलाच स्क्रू कळतो. अट एकच, लहान स्क्रूड्रायव्हरने डब्यांची झाकणे उघडायची नाहीत.

३. जुन्या मालकाला काहीही नाही. यंत्राच्या पेटीत वेगळे नाणे दिसले की मी खिशातले तेवढ्याच किमतीचे टाकून ते उचलत असे. एवढ्यावरून त्याने मला चारचौघांत चोर म्हटले. त्याने माझ्या अंत्ययात्रेला येण्याचे कष्ट घेऊ नयेत.

४. आता खरी इस्टेट! निळा अल्बम! मोनॅको, सॅन मारिनो, व्हॅटिकन आणि अँडोरा, हे चार देश नकाशावर करंगळीखाली झाकले जातात, पण युरोची नाणी स्वतःच्या छापाची काढतात. आमच्याकडेही युरोच चालत असल्याने ती इथल्या सुट्ट्या पैशांत मिसळतात आणि नशीब जोरावर असेल तर हाती लागतात. माझ्या अल्बमात विकत घेतलेले एकही नाणे नाही. व्हॅटिकनचे पन्नास सेंट कपडे धुण्याच्या यंत्रात सापडले तेव्हा मी ओल्या फरशीवर नाचलो आणि आपटलो. मोनॅकोचे बेकरीत मिळाले. अँडोराच्या दोन सेंटांवरचे शिंगवाले जनावर आजही भिंगातून पाहिले की माझी छाती धडधडते.

एकच खण रिकामा आहे, सॅन मारिनोच्या पन्नास सेंटांचा, ज्यावर तीन बुरुज असतात. आणि अल्बम कोणाला द्यायचा तेही ठरत नाही. बायको त्याला 'तुमची चिल्लर' म्हणते. म्हणून ही जागा कोरी सोडतो: ..........

५. माझा धाकटा भाऊ, बसचालक, याला मी साक्षीदार नेमतो. वकीलबाईंनी सांगितले की साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणजे आपल्याला काही मिळणार नाही यावर तो स्वतःच सही करणार. ही युक्ती सुचली त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

कारण लिहून ठेवतो. हा नाद आम्ही दोघांनी मिळून लावून घेतला. अकरा वर्षांपूर्वी बायको ऑपरेशनसाठी आत होती, मी बाहेर बाकावर. तीन बुरुज त्याच सकाळी मिळाले होते, कोटाच्या खिशात होते. भावाने तिथल्या यंत्रातून कॉफी आणली. मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि मग विचारले, "पैसे कुठून आणलेस?" तो म्हणाला, "तुझ्या कोटातून." मी तिथेच ओरडलो. तो म्हणाला, "वहिनी आत आहे आणि तू नाण्यासाठी रडतोस?" दुसऱ्या दिवशी मीच त्या यंत्राचे कुलूप उघडले, तर पेटी आधीच रिकामी झालेली. बायको सुखरूप घरी आली. आमचे बोलणे बंद झाले ते झालेच. खरे सांगायचे तर नाणे खिशात सुटे ठेवण्याचा गाढवपणा माझा होता.

बेल वाजली. तोच असणार.

६. हे कलम नंतर लिहीत आहे. अक्षर वेडेवाकडे आले असल्यास माफी असावी, मला खुर्चीवर बसवत नाही!

तो आला, केस पिकले आहेत. "सही कुठे करू, दादा?" एवढेच म्हणाला. पेन टेकवले आणि थांबला. खिशातून काडेपेटी काढली. आत कापूस आणि कापसात तीन बुरुज!

मी म्हणालो, "विकत घेतलंस?"

"विकतचं तू खिडकीबाहेर फेकलं असतंस. मागच्या महिन्यात एका बाईनं तिकिटाला दिलं. अकरा वर्षं रोज सुटे चाळतोय मी."

"मग तेव्हाच का नाही आणलंस?"

"तू बोलावलं कुठे होतंस?"

बायको म्हणाली, "अहो, रडताय काय, भिंग घ्या!"

घेतले. अस्सल! साल निराळे आहे, पण असू दे. मान वर केली तर हा पुन्हा पेन उचलून सही करायला निघालेला. मी "थांब!" म्हणून असा ओरडलो की मटार जमिनीवर सांडले. कागदावर त्याचे पहिले अर्धे अक्षर उमटले आहे. ती सही धरू नये.

कलम ५ रद्द. कलम ४ मधली कोरी जागा अशी भरावी: निळा अल्बम, सर्व खणांसह, माझ्या धाकट्या भावाला. तोवर त्याने दर रविवारी तो पाहायला यावे.

सही: मी, स्वहस्ते.

साक्षीदार:
धाकटा भाऊ, बसचालक (नाव खोडले, कारण कलम ६)
बेकरीवाली, पिठाच्या हातांनी धावत आली
तळमजल्यावरचा शिंपी

स्थळ: आमचे जेवणाचे टेबल. मंगळवार, १४ मार्च २०२३.

ता. क. ती कॉफी चांगली होती. सांगायचे राहून गेले होते.