अडतीस मैल

३ ऑक्टोबर १९९८
आलो बाबा एकदाचा आयोवात! मिसेस लुंडग्रेननी बॅग ठेवायच्या आत ताटभर मीटलोफ, म्हणजे भाजलेला खिमा, पुढे केला. काम सोपं आहे: गेलेल्या नवऱ्याची बार्नमधली, म्हणजे शेतावरच्या कोठारातली गाडी चमकवायची आणि विकून द्यायची. पण काय चीज आहे राव! १९६९ची, नारिंगी, आठ सिलिंडरची, सीटवर अजून प्लॅस्टिक. मीटरवर फक्त अडतीस मैल! ब्रेकच्या पेडलवरचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालंय. अडतीस मैलांत? असो. येत्या शनिवारी माझ्या लेकीचा, डार्लाचा वाढदिवस. ती साठ मैलांवर, दी मॉइन शहरात. जाणार म्हणजे जाणार.

४ ऑक्टोबर
राहवलं नाही. बाई चर्चला गेल्या आणि मी गाडी चार मैल पळवून आणली. काय तो आवाज! पण जाहिरातीत अडतीस छापलंय. मग काय, धंद्यातला जुना उद्योग: मागची चाकं जॅकवर उचलली, रिव्हर्स टाकला, मीटर उलटा फिरवला. बेचाळिसाचे अडतीस. कुणाला कळतंय!

६ ऑक्टोबर
मीटरवर ३१. मी हातही लावला नव्हता. डार्लासाठी भेट आणायला माझ्या ट्रकने शहराकडे निघालो. एकतीस मैल झाले, मक्याची शेतं संपली आणि समोर हाच बार्न. कुठेही वळलो नव्हतो, देवाशपथ.

८ ऑक्टोबर
१२. आता बाराव्या मैलावर बार्न. शेवटी बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अरे वेड्या, माझ्या नवऱ्याने, व्हर्जिलनेही हेच केलं होतं. साठ हजार मैल पळालेली गाडी नवी म्हणून मिरवायची हौस! मीटर शून्यावर आला आणि तो नाहीसा झाला. त्याला शोधायला मी त्याच गाडीतून अडतीस मैल फिरले, मग माझा धीर सुटला. मी म्हटलं, सरळ चालवतो, आकडा वाढेल. त्या नुसत्या रडत राहिल्या.

९ ऑक्टोबर
गाडी पुढे जाते, आकडा उतरतोच. २. डार्लाचा फोन आला. म्हणाली, पप्पा, तुम्ही आल्याशिवाय केक कापणार नाही हं. येतो म्हणालो. भीती वाटतेय. फार.

१० ऑक्टोबर
०.४ — अंगण ओलांडलं की पुन्हा बार्न. बाई हाका मारतायत, दिसत नाहीत —

०.१. गाडीतच बसलोय. काचेबाहेर काहीच नाही. डार्ला, मी निघालो होतो गं —

मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक वाजलं. कुणी म्हातारा विचारतोय, तिने मला शोधलं का रे? म्हणतोय, जरा सरक पोरा, शून्यात दोघांना जागा होईल —