पडद्यावर दिसलेली गळती

१४ नोव्हेंबर, दुपार

प्रिय दादा,

आम्ही सगळे बरे आहोत, असं सवयीने लिहून गेले. आई थकली आहे. तुझ्या धाकटीचा दात पडल्याचा फोटो तिने सगळ्या वॉर्डला दाखवला.

वॉर्ड, कारण सोमवारी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तुला कळवू नको, असं त्यांनीच बजावलं होतं. तुमच्या अबोल्यात मी नेहमी मध्ये पडते, या वेळी गप्प बसले. झडप आता उत्तम चालते. रक्तदाबही छान आहे.

घरच्या माणसाला आम्ही भूलतज्ज्ञ स्वतः भूल देत नाही, म्हणून भूल माझ्या मैत्रिणीने दिली. मी नुसती उभी राहणार होते. अन्ननलिकेत नळी घालून हृदय पडद्यावर बघतात, असं सांगितलं तर बाबा म्हणाले, "मध्ये जाहिराती नकोत." मग माझा हात धरून, "तू आहेस ना आत? मग झालं."

झडप शिवली, तोवर हृदयाचं काम करणारं मशीन बंद केलं, हृदय आपलं आपण चालायला लागलं. आणि पडद्यावर गळती दिसली. रक्त मागे फिरत होतं, फुप्फुसांतला दाब चढत होता.

सर्जन म्हणाले, "परत मशीनवर घ्यायचं, की एवढ्यावर थांबायचं? या वयात दुसऱ्यांदा झेपेलच असं नाही."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. "तूच बघ. तुला काय वाटतं?"

मी पडदा नीट पाहिला आणि म्हणाले, "परत घ्या."

गळती थांबली. आकडे इतके चांगले आले की सर्जनांनी माझी पाठ थोपटली.

दादा, बाबा अजून शुद्धीवर आलेले नाहीत. मेंदूला झटका बसलाय, बहुधा दुसऱ्यांदा मशीनवर असतानाच; स्कॅनमध्ये दिसतो. कितपत सुधारतील, कुणी सांगत नाही. आई विचारते, "हृदय नीट चाललंय ना?" मी हो म्हणते. दुसऱ्यांदा मशीन कुणाच्या सांगण्यावरून लावलं, हे तिला माहीत नाही.

ती गळती राहिली असती तर ते धापा टाकत गेले असते, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही डोळ्याला डोळा लागत नाही.

तू ये. राग असेल तर असू दे. त्यांच्या खोलीत शिरले की माझी नजर मॉनिटरवर जाते आणि तिथेच अडकते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघणारं कुणीतरी हवंय. आणि आईला खरं सांगताना माझ्या शेजारी उभं राहणारंही.

वाट बघत नाही, असं लिहिणार होते. बघतेय.

छोटी