पोट न दिसणाऱ्या बकऱ्या

आई, काल मी सावनेरकडच्या एका गावात गेले होते आणि तिथून आल्यापासून माझं कशातच लक्ष लागत नाही. तिथल्या एका बाईच्या बकऱ्यांना पुढचे पाय आत वळलेली पिल्लं झाली आहेत. एकाला तर उभंच राहता येत नव्हतं. ती त्याला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होती आणि सासू दारात बसून तोंड सोडत होती, "गिरहनात गेरू पातळ कालवला असंन हिनं." बाई मला म्हणाली, "मॅडम, मी साऱ्यायच्या पोटाले गेरू लावला. मंग काहून झालं असं?" एवढी वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून हिंडते आहे, पण त्या क्षणी मला समोर तूच बसलेली दिसलीस.

नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरामागे तेव्हा मोकळे प्लॉट होते, तिथे तू बकऱ्या चारायचीस. त्या वर्षी ग्रहणाच्या दिवशी तू तापाने फणफणली होतीस आणि गर्भाला ग्रहण बाधू नये म्हणून गाभण बकऱ्यांच्या पोटाला लावतात तो गेरू लावायचा राहून गेला. पुढे अशीच वाकड्या पायांची पिल्लं झाली आणि जगली नाहीत. आजी अंगणात उभी आहे, शेजारणी ऐकताहेत, आणि ती म्हणते, "गेरू काहून नाई लावला वं? लेकरायचे पाय खाल्ले तुनं." तू खाली मान घालून अंगण झाडत राहतेस. एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारी तू! त्यानंतर तू कुणाच्याच डोहाळजेवणात ओटी भरली नाहीस. माझ्याही नाही. बायका हाका मारत होत्या आणि तू स्वयंपाकघरात पुऱ्या तळत राहिलीस. मला तेव्हा तुझा फार राग आला होता.

गर्भाचे पाय, तोंड, कणा हे सगळं अगदी सुरुवातीच्या दिवसांत घडतं, आई. आईचं पोट दिसायच्या कितीतरी आधी. जंताचं एक औषध असं आहे की जंत मारताना ते त्यांच्या पेशींची वाढ थांबवतं; तेच त्या कोवळ्या दिवसांत बकरीच्या पोटात गेलं, तर गर्भाची घडणही बिघडवू शकतं. नंतरच्या महिन्यांत तेवढी भीती नसते. आणि तू काय करायचीस? पावसाळ्याच्या तोंडावर अख्ख्या कळपाला एकाच दिवशी औषध, म्हणजे कटकट मिटली. जबडा धरून पाजता पाजता मला ओरडायचीस, "हिचं पोट दिसून राहिलं, हिले बाजूले बांध वं." पोट दिसणाऱ्या तेवढ्या तू जपल्यास आणि नुकत्याच फळलेल्या, अजून पोट न दिसणाऱ्या गाभण बकऱ्यांना औषध पाजलंस. जखम मांडीला, मलम शेंडीला. आज छातीठोकपणे कोण सांगणार? वाकड्या पायांना दुसरीही कारणं असतात. पण बाजूला बांधलेल्यांची पिल्लं धडधाकट होती, हे मला चांगलं आठवतं.

कालच्या बाईनेही नेमकं तेच केलं होतं. मला वाटलं, सांगून टाकावं, बिचारीच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. सासूला ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं की गेरूचा काही संबंध नाही, बहुतेक औषधाने झालंय. सासू उठून आत गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग बाई पिल्लाकडे बघत म्हणाली, "गिरहन तर देवाचं होतं, मॅडम. दवाई तर म्या माह्या हातानं पाजली." मी म्हटलं, बाटलीवर बारीक इंग्रजीत लिहितात, दुकानदार काही सांगत नाही, यात तुमचा काय दोष? ती ऐकतच नव्हती. बोकड लावल्यावर हे औषध मला विचारल्याशिवाय द्यायचं नाही, एवढं तिच्याकडून वदवून घेतलं आणि निघाले.

इतकी वर्षं मला वाटायचं, तू असतीस तर धावत येऊन सांगितलं असतं, की तुझ्या हातून काही पाप झालं नाही, उगाच आयुष्यभर ओट्या भरायच्या टाळल्यास. पण आता खरंच तू परत आलीस आणि दार उघडून "काय झालं वं, तोंड काहून उतरलं?" असं विचारलंस, तर मी चहा मागेन, उन्हाबद्दल काहीतरी बोलेन आणि बकऱ्यांचं नावही काढणार नाही.