चाइल्ड लॉक

दादा,

हे पत्र मी पेटीत टाकणार नाही, शिक्क्यावरून शहर कळेल. "नवऱ्याची गाडी असताना बसचे धक्के कसले खातेस?" असं काल फोनवर म्हणालास. अरे, म्हणूनच तर हे शहर निवडलं! इथे गाडीवाचून कुणाचं अडत नाही. दारातच बसथांबा आहे.

आम्हाला मूल नाही, तरी ह्यांच्या गाडीला चाइल्ड लॉक लावलेलं असायचं. भांडण झालं की मला मागे बसवून हे वस्ती संपेपर्यंत गाडी पळवायचे. आतून दार उघडायचंच नाही. बसमध्ये बटण दाबलं की पुढच्या थांब्यावर दार उघडतं, कुणी कारण विचारत नाही.

"पत्ता दे, रविवारी गाडी घेऊन न्यायला येतो," म्हणालास.

दादा, तुला गाडी चालवता कुठे येते?

तुझी,
चिमी