पुसलेली खूण

९ मार्च, रविवार

प्रिय दादा,

कसा आहेस? वहिनीचा खोकला थांबला का? आई बरी आहे. मी घरी का बसलेय ते रोज विचारते, मी रोज "सुट्टी घेतलीय" म्हणते. काल मावशी आली होती. तिला पुन्हा समजावलं की यंत्र लावून वेल्डिंगच्या आतली खोट शोधायची, हे माझं काम. तर म्हणते, "म्हणजे सोनोग्राफी! अगं बाई, लोखंडाला दिवस गेलेत का?" पोट धरून हसले. मग एकदम रडूच आलं.

कारण हे काम मला किती आवडतं, ते तुला एकट्याला कळत होतं. पडद्यावर बारीक रेघ उसळते आणि जाड पत्र्याच्या पोटातली, कुणालाच न दिसणारी भेग मला सापडते. अजूनही अंगावर काटा येतो रे.

फोन केला तर किंचाळेन, म्हणून लिहितेय.

त्या बॉयलरवर सकाळी तू वेल्डिंग केलेल्या एका जोडात खोट सापडली, मी वीतभर पिवळी खूण केली. वहीत लगेच लिहिलं नाही. संध्याकाळी खुणा बघत बघत वही भरायची ही माझी खोड, तुला चांगली ठाऊक. संध्याकाळी खूण कुठेच नव्हती. साठ जोड तपासलेले, डोकं भणभणलेलं. तुला विचारलं, "दादा, इथे मी खूण केली होती ना?" तू म्हणालास, "भास झाला असेल. घरी जा, झोप." मी जोड पास लिहिला.

पाण्याच्या चाचणीत तिथूनच चिळकांडी उडाली. साहेबांनी माझं सर्टिफिकेट काढून घेतलं. "माझीच चूक" असं लिहून मी सही केली, तेव्हा तू शेजारी उभा राहून बूट बघत होतास.

मग दुरुस्ती. पाणी सुईच्या टोकाएवढ्या जागेतून येत होतं. आत खोट किती लांब आहे, ते पुन्हा तपासल्याशिवाय कुणालाच कळलं नसतं. तू मात्र ग्राइंडर घेतलास आणि कुणाला न विचारता बरोब्बर वीतभर जोड खरवडलास. जिथे माझा रंग सुरू झाला होता तिथून, जिथे संपला होता तिथपर्यंत.

अरे, सांगायचंस ना! दोन तासांचं काम होतं. जोड सगळ्यांचेच फसतात. पंचवीस वर्षांत आपला एकही फसला नाही हे मिरवायला तू माझा केसानं गळा कापलास. आणि वर मला झोप म्हणालास!

मंगळवारी चौकशी आहे. मी सही मागे घेणार आहे. खूण कुणी पुसली तेही सांगणार आहे. त्याआधी तू स्वतः गेलास तर बरं. आईला मी अजून काही बोललेले नाही. तिला तूच सांग, माझ्याच्यानं होणार नाही.

एरवी शेवटी तुला नमस्कार लिहिते. आज लिहवत नाही.

धाकटी