अकराच्या चहाला वळणारा आरसा

तीर्थस्वरूप ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार (जवळून केला तर कान तुझ्या हाती लागतो). तुझी कंबर आणि बाळाचे दात कसे आहेत ते कळव.

पंधरवड्यात पळून येईन, ही तुझी पैज तू हरलीस. तीन महिने झाले, टिकून आहे. इथे मैदानाच्या एका टोकाच्या खोलीतून लेसरचा झोत सोडतात. दुसऱ्या टोकाची काळी पाटी तो झेलते, त्याची वीज होते आणि पंखा फिरतो. मध्ये तार म्हणून नाही. अडचण फक्त हवेची. ती तापून लवलवली की झोत हलतो आणि पंखा धापा टाकतो. म्हणून आमच्या इंजिनिअरबाईंनी संगणकाला हवेची चाल शिकवलीय. तो आधीच अंदाज बांधून आरसा केसभर वळवतो. बघत राहावं असं काम. (गणिताच्या मास्तरांना मी तीन वर्षांत कळलो नाही, त्याला हवा तीन महिन्यांत कळली.) माझ्याकडे आरसा पुसणं आणि अकराचा चहा.

गेल्या आठवड्यात पाहुणे आले. काम चालू ठेवायचं की खोलीला कुलूप लावायचं, हे ते ठरवणार होते. मी शहाणपणा केला, त्यांच्यासमोर पसारा नको म्हणून स्टोव्ह पेटवलाच नाही. बरोब्बर अकराला आरसा वळला, झोत पाटीबाहेर गेला, पंखा थांबला. बाईंचा चेहरा बघवेना. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी रोज झोताच्या खालीच स्टोव्ह मांडायचो. ती ऊब संगणकाने पाठ केली होती आणि त्या दिवशी तो नसलेल्या चहाला वळसा घालत होता. खालमानेने कबूल केलं. बाई म्हणाल्या, "मग उभा काय राहिलास? पेटव."

पेटवला. पंखा असा सुटला की पाहुण्यांचे कागद उडाले. काम वाचलं.

बाईंचं म्हणणं, तो हवेऐवजी घड्याळ शिकला. म्हणून मी आता वाटेल तेव्हा, वाटेल तिथे स्टोव्ह पेटवायचा. ज्या बेशिस्तीपायी घरी बोलणी खाल्ली, तीच इथे नोकरी आहे.

तुझा, मार्गी लागलेला भाऊ

ता. क. चार दिवसांत त्याने माझी बेशिस्तही शिकून घेतली. मी काडी ओढायच्या आत आरसा वळलेला असतो. अपमान वाटतो, पण काय डोकं आहे गं. बाईंनी विचारलं, तुझ्याहून बेभरवशाचा कोणी आहे का. मी छातीठोकपणे भाऊजींचं नाव सांगितलं. त्यांना आठ दिवस पाठव, नाहीतर माझं इथलं काम संपलं.

आणखी एक. त्यांना 'तज्ज्ञ म्हणून बोलावलंय' असं सांग. आणि सोमवारीच या म्हणून बजाव, म्हणजे कुठल्या वारी उगवतील ते संगणकालाही कळायचं नाही.